फुलांचे खोरे आणि विरळ हवा

एप्रिल-मे महिन्यांत दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारची मंडळी येतात. त्यांना काहीही होत नसते. हातात तपासण्यांची फाईल असते, सहा महिन्यांच्या औषधांची यादी असते आणि चेहऱ्यावर परदेशी निघालेल्या माणसाची लगबग असते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, नातवंडांना उन्हाळ्याची सुट्टी आणि आजी-आजोबांचा तिकडे मुक्काम, हा आता अनेक मराठी घरांचा नित्यक्रम झाला आहे. त्यांचे प्रश्नही ठरलेले असत. विमानात पाय सुजतील का, इन्सुलिन कोठे ठेवायचे, तिथे दाढ दुखली तर काय करायचे. अलीकडे त्यांत एका प्रश्नाची भर पडली आहे. "डॉक्टर, मुलगा कोलोरॅडोत डोंगरातली फुले दाखवायला नेणार म्हणतो. बारा हजार फुटांवर. चालायचे नाही, गाडी थेट वर जाते. मग जायला हरकत नाही ना?"

ह्या प्रश्नातले "गाडी थेट वर जाते" हे शब्द ऐकणाऱ्याला धीर देतात. वैद्यकीयदृष्ट्या मात्र सारी मेख त्यांच्यातच आहे.

आधी ती जागा समजून घेऊ. कोलोरॅडो राज्याच्या नैर्ऋत्य भागात सॅन वान नावाची पर्वतरांग आहे. तिच्या कुशीत युरे हे चिमुकले गाव वसलेले आहे. यूट जमातीच्या एका प्रमुखाचे नाव त्याला दिले आहे. गावाची उंची ७,७९२ फूट. तेथून निघणारा कच्चा रस्ता कड्याच्या पोटातून, एका जुन्या सोन्याच्या खाणीवरून वर चढत यांकी बॉय बेसिन ह्या ठिकाणी पोहोचतो. बेसिन म्हणजे प्राचीन हिमनदीने डोंगराच्या माथ्याजवळ कोरलेली, तीन बाजूंनी सुळक्यांनी वेढलेली वाडग्यासारखी जागा. तिच्या डोक्यावर चौदा हजार फुटांहून उंच असलेले माउंट स्नेफल्स हे शिखर उभे आहे. तळाशी ओढा खळाळतो, जोडधबधबे कोसळतात आणि बर्फ वितळले की साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत हिरवळीवर रानफुलांचा अक्षरशः खच पडतो. ज्यांनी भाद्रपदातले कासचे पठार पाहिले आहे, त्यांना ह्या दृश्याची थोडीशी कल्पना येईल. मात्र कास चार हजार फुटांच्या आसपास आहे आणि हे खोरे त्याच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर.

तेथल्या फुलांत निळ्या-पांढऱ्या कोलंबाइनचा मान पहिला. १८९९ पासून ते कोलोरॅडोचे राज्यपुष्प आहे आणि सार्वजनिक जमिनीवरचे हे फूल उपटू नये, असा कायदा १९२५ पासून आहे. शेंदरी-तांबड्या पेंटब्रशचे जे रंगीत भाग दिसतात, त्या पाकळ्या नसून रंगलेली पानेच असतात. ओलसर जागी जांभळट-गुलाबी तुऱ्यांचे एक फूल आढळते. प्रत्येक इवल्या फुलाला सोंड उचललेल्या हत्तीचे मस्तक आणि कान असतात, म्हणून तिकडे त्याचे नावच 'हत्तीचे डोके' असे आहे. मराठी आजींना तेथे गणपती दिसणार, ह्याविषयी मला शंका नाही. ओढ्याकाठी गर्द निळ्या, टोपी घातल्यासारख्या फुलांचे एक उंच झाड दिसले तर मात्र नातवंडांना हात लावू देऊ नये. ते आपल्याकडच्या बचनागाचे सख्खे भावंड आहे. त्याचे विष हृदयाची लय बिघडवते.

हा रस्ता सहलीसाठी झाला नाही, हेही ध्यानात असावे. टॉमस वॉल्श ह्यांना १८९६ मध्ये तेथे सोने सापडले आणि कॅम्प बर्ड ही खाण भरभराटीस आली. (त्यांच्याच कन्येने पुढे प्रसिद्ध होप हिरा विकत घेतला. तो मूळचा आपल्या गोवळकोंडा परिसरातला!) खनिज वाहणाऱ्या गाड्यांसाठी कातळ फोडून केलेली ही वाट आहे. अरुंद, एका अंगाला दरी आणि वरच्या टप्प्यात केवळ चारही चाकांना जोर असलेल्या, उंच बांध्याच्या गाडीलाच जमेल अशी. भाड्याच्या साध्या मोटारीने वर जाण्याचा हट्ट चिरंजिवांनी धरू नये. बहुतेक भाडेकरारांत अशा रस्त्यांना मनाई असते. युरे गावातून जाणकार चालकांच्या उघड्या जीपगाड्या मिळतात, त्या अधिक बऱ्या. फक्त त्या खूप हिसके देतात. पाठीचा मणका ठिसूळ झालेल्या, विशेषतः पूर्वी मणक्याचे अस्थिभंग झालेल्या स्त्रियांनी त्यांत बसू नये.

आता हवेकडे वळू. उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण कमी होते, असे आपण म्हणतो. खरे तर ते सर्वत्र एकवीस टक्क्यांच्या घरातच राहते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत जाणारा प्राणवायू घटतो. समुद्रसपाटीच्या तुलनेत डेन्व्हर शहरात तो सुमारे पाच-षष्ठांश, युरे गावात पाऊण, तर बारा हजार फुटांवर दोन-तृतीयांशाहूनही कमी मिळतो. डेन्व्हरची उंची १,६०९ मीटर आहे. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे ज्यांचा मुलगा डेन्व्हरला राहतो, ते जवळपास कळसूबाईच्या माथ्यावरच मुक्कामाला असतात.

पायी डोंगर चढणाऱ्याला त्याचा श्वास वाटेवर ठिकठिकाणी थांबवतो. गाडीत बसलेल्याला तशी सूचना मिळत नाही. युरेहून वरच्या टोकापर्यंत तासा-दीड तासात आपण चार हजार फुटांहून अधिक वर जातो. महाबळेश्वराची समुद्रसपाटीपासून जेवढी उंची, जवळजवळ तेवढी ही चढण. शरीर विश्रांतीत असते, म्हणून काही जाणवत नाही. मग गाडी थांबते, फुले समोर असतात, कोणीतरी "आई, तिकडे उभी राहा, फोटो काढतो" म्हणते आणि वीस पावले चढावर टाकताच छाती भरून येते, डोळ्यांपुढे अंधारी येते. जाण्याआधी काही तयारी केली असेल तर हे बव्हंशी टळते.

माझ्या मते ह्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय, रात्री कोठे आणि किती काळ झोपायचे, हा आहे. भारतातून उतरल्यावर पहिला आठवडा कोठलाही डोंगर नको. झोपेचे चक्र उलटे झालेले असते, औषधांच्या वेळा सरकलेल्या असतात आणि लांबच्या विमानप्रवासानंतर पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता काही दिवस टिकून असते. मुलगा डेन्व्हरलाच राहत असेल तर फारच उत्तम. दोन आठवड्यांत शरीर त्या उंचीशी बऱ्यापैकी जुळवून घेते. मात्र न्यू जर्सी किंवा टेक्सासहून विमानाने येऊन दुसऱ्या दिवशी बेसिन गाठण्याचा बेत असेल, तर तो मोडून काढावा. वाटेतल्या मॉन्ट्रोज ह्या गावी, म्हणजे ५,८०० फुटांवर, किमान एक रात्र काढावी. मग युरेला दोन रात्री. त्यानंतरच्या सकाळी वर. बेसिनमध्ये मुक्काम करायचा नाही. तासभर थांबायचे आणि खाली यायचे. तंबू ठोकून चांदणे पाहण्याची हौस तरुणांनी स्वतंत्र सहलीत भागवावी.

केवळ वय हे उंचीवर न जाण्याचे कारण नाही. विरळ हवेचा त्रास वृद्धांना तरुणांपेक्षा अधिक होतो असे दिसत नाही. अनेकदा ते आपल्या चालीने चालतात म्हणून त्यांना कमीच होतो. निर्णय वयाचा दाखला पाहून न करता हृदय, फुप्फुसे आणि रक्त पाहून करावा. घरी सोपी पारख अशी: मध्ये न थांबता, छातीत न दुखता दोन मजले चढता येतात का? येत असतील आणि रक्तदाब, मधुमेह आटोक्यात असेल, तर बहुतेकांना अशी अर्ध्या दिवसाची फेरी साधते. काही वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेली, पण आता स्थिर असलेली माणसेही ह्यांत येतात. त्यांनी हृदयरोगतज्ज्ञांना "बारा हजार फूट" असा स्पष्ट आकडा सांगून विचारावे. नुसते "अमेरिकेला चाललो आहे" असे सांगितले तर उत्तरही तेवढ्यापुरतेच मिळते.

काहींना मात्र मी स्पष्ट नकार देतो. अलीकडेच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, हृदय दुर्बल होऊन पायांवर सूज असलेले, फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेला, आणि जुनाट दम्याने किंवा धूम्रपानाने फुप्फुसे निकामी होत आलेले रुग्ण ह्यांनी वर जाऊ नये. हिमोग्लोबिन आठ-नऊ असेल तर आधी ते सुधारावे. आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या कित्येक स्त्रिया ह्या अवस्थेत वर्षानुवर्षे घर चालवत असतात आणि कोणी तपासतही नाही. विदर्भातल्या आणि आदिवासी पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक खास सूचना. घरात सिकलसेलचा इतिहास असेल तर स्वतःची तपासणी केल्याशिवाय इतक्या उंचीवर जाऊ नये. एरवी काही त्रास नसलेल्या वाहकालाही तेथे प्लीहेला इजा होऊ शकते.

औषधांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण प्रश्न त्याविषयीच सर्वाधिक येतात. रक्तदाब पहिल्या काही दिवसांत उंचीवर थोडा वाढतो. म्हणून आपल्या मनाने गोळी वाढवू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची नवी औषधे शरीरातले पाणी कमी करतात. तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचे कळतही नाही. त्यातच वर सोयी तुटपुंज्या म्हणून आपल्या ज्येष्ठ स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. हे कृपा करून करू नका. वाटेत थांबायला सांगणे अवघड वाटत असेल तर निघण्याआधीच सुनेला सांगून ठेवा. इन्सुलिन गाडीत उन्हात ठेवू नये. साखर मोजण्याच्या अनेक यंत्रांची अचूकता दहा हजार फुटांच्या वर घसरते, त्यामुळे तेथे आकड्यापेक्षा लक्षणांवर भर द्यावा आणि खिशात साखर ठेवावी. झोपेच्या गोळ्या टाळाव्यात, कारण झोपेत आधीच मंदावलेला श्वास त्या आणखी मंद करतात. मद्याचेही तेच.

उंचीच्या त्रासावर प्रतिबंधक म्हणून अॅसिटाझोलामाइड हे औषध आहे. लेहला जाऊन आलेल्यांना ते डायमॉक्स ह्या नावाने परिचित असेल. वर सांगितल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने चढणाऱ्यांना सहसा त्याची गरज पडत नाही. घ्यायचे झाल्यास मात्रा अल्प असते, पण मूत्रपिंडे कमकुवत असतील किंवा सल्फाची तीव्र प्रतिक्रिया पूर्वी आली असेल, तर शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून ते मुळीच घेऊ नये. आणखी एक व्यावहारिक गोष्ट. आपल्या गोळ्यांची व्यापारी नावे तिकडे कोणी ओळखत नाही. मूळ औषधांची नावे लिहिलेली चिठ्ठी डॉक्टरांकडून करून घ्या. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो, त्याला तिकडे अॅसिटामिनोफेन म्हणतात. एवढे ठाऊक नसल्यामुळे दोन्ही घेऊन मात्रा दुप्पट होऊ शकते. प्रवासविम्यात जुन्या आजारांचा अंतर्भाव आहे की नाही, हे कागद वाचून पाहा. तिथल्या आपत्कालीन विभागातली एक रात्रही कुटुंबाचे आर्थिक गणित विस्कटून टाकू शकते.

कोरोनापासून प्रत्येक घरात बोटाला लावायचे प्राणवायूमापक आले आहे. ते जरूर न्यावे, पण त्याचा धाक घेऊ नये. बारा हजार फुटांवर निरोगी माणसाचाही आकडा नव्वदीखाली जाऊ शकतो. घरी तोच आकडा चिंतेचा असतो, तेथे तो अपेक्षित आहे. गार पडलेली बोटे आणि नखांवरची मेंदी वा रंग आकडा चुकवतात, हेही लक्षात असू द्या. माणूस बोलताना धापा टाकतो का, ओठ निळसर दिसतात का, तो नेहमीसारखा बोलतो का, हे पाहणे अधिक मोलाचे. दुकानांत मिळणारे प्राणवायूचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर वर थांबू नये.

वर जायचा दिवस पहाटेचा असावा. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पर्वतांत दुपारी ढग दाटतात आणि विजा कोसळतात. झाडे विरळ होऊन संपतात त्या पट्ट्यात आडोसा नसतो. बारा वाजेपर्यंत खाली गावात असणे हा तेथील जाणत्यांचा नियम आहे. गावात उकडत असले तरी वर गारठा असतो, म्हणून कानटोपी आणि स्वेटर बरोबर हवा. ऊन मात्र प्रखर असते, अतिनील किरण दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनी चांगला काळा चष्मा विसरू नये. न्याहारी हलकी घ्यावी. वळणांवर गाडी लागणाऱ्यांनी पुढच्या आसनावर बसावे. अॅवोमिनसारख्या गोळीने वृद्धांना गुंगी येते आणि मग ही गुंगी गोळीची की उंचीची, हे कोणालाच कळत नाही.

वर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटे गाडीतच बसून राहा. मग उतरा, गाडीचा आधार घेऊन उभे राहा, सपाटीवर चार पावले टाका. बोलता बोलता चालता येईल, इतकाच वेग. धबधब्याच्या खाली वाकून पाणी भरणे, दगडावर चढून फोटो काढणे, ह्या गोष्टी नातवंडांकडे सोपवाव्यात. बसल्या जागी सभोवार जी फुले दिसतात, ती डोळ्यांना पुरून उरतात.

आता ज्या गोष्टीची मला खरोखर काळजी वाटते, तिच्याकडे येतो. उंचीचा त्रास बहुधा वर असताना होतच नाही. तो सहा ते बारा तासांनी, परतल्यावर, रात्री मुक्कामाच्या खोलीत सुरू होतो. डोके दुखते, मळमळते, अन्न नकोसे होते, झोप लागत नाही. आणि आपल्या घरांत ह्या लक्षणांना एक हुकमी नाव आहे: पित्त. "काल बाहेरचे खाल्ले, पित्त झाले असेल" असे म्हणून आजी गुपचूप पडून राहतात. मुलाने चार दिवसांची रजा टाकली आहे, खोल्यांचे पैसे भरले आहेत, नात उद्याच्या रेल्वेगाडीसाठी उत्सुक आहे. आपल्यामुळे सगळ्यांचा विरस नको. हे सोसणे आपण आयुष्यभर गुण म्हणून जपले, पण अशा प्रवासात ते घातक ठरते. डोकेदुखीला पित्त न म्हणता उंची म्हणा आणि त्याच वेळी सांगा. साध्या त्रासात आणखी वर न जाणे, विश्रांती, पाणी आणि डोकेदुखीची एखादी गोळी एवढे पुरते. दिवसभरात बरे न वाटल्यास खाली उतरावे.

सोबतच्या मुलांनीही "आई, बरी आहेस ना?" असे विचारू नये. त्याचे उत्तर "हो रे" हेच येणार. "डोके दुखते का? रात्री किती वेळा उठलीस? पोळी किती खाल्लीस?" असे विचारावे. शंका आल्यास आईला सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत चालायला सांगावे. एरवी नीट चालणारी व्यक्ती अडखळू लागली, असंबद्ध बोलू लागली, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागून खोकला येऊ लागला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. ९११ ला दूरध्वनी करावा. मॉन्ट्रोजला रुग्णालय आहे, ते तासाभराच्या अंतरावर आणि दोन हजार फूट खाली आहे. खाली उतरणे हाही उपचारच आहे. छातीत दुखले तर ते उंचीमुळे आहे असे कोणीही गृहीत धरू नये. बेसिनमध्ये मोबाईलला संपर्क मिळेल ह्याची शाश्वती नसते, म्हणून कोणती गाडी, कोण बरोबर आणि परतण्याची वेळ ही माहिती निघतानाच मुक्कामाच्या जागी ठेवावी.

परत फिरायचे की नाही, ह्यात शेवटचा शब्द सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचा असावा आणि तो निघण्यापूर्वीच सर्वांसमोर ठरवावा. खाणीपर्यंतच जाऊन वळलात तरी कड्यातला रस्ता आणि ओढा पाहून होतोच. ज्यांना वर जाणे मुळीच शक्य नाही, त्यांनाही दिवसभर खोलीत डांबून ठेवण्याचे कारण नाही. युरे गावालगतच बॉक्स कॅन्यन नावाची घळ आहे. तिच्यात २८५ फुटांचा धबधबा कोसळतो आणि तेथवर जायला फार उंची गाठावी लागत नाही. युरेहून सिल्व्हरटनकडे जाणारा प्रसिद्ध 'मिलियन डॉलर हायवे' मात्र फसवा आहे. रस्ता डांबरी आणि गुळगुळीत असल्याने तो सोपा वाटतो, पण मधली खिंड ११,०१८ फुटांवर आहे आणि दरीच्या कडेला बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. ज्यांना मी बेसिनसाठी नकार दिला, त्यांना ह्या खिंडीसाठीही माझा नकारच आहे.

दुपारी उतरून आल्यावर बहुतेक कुटुंबे युरेतल्या गरम पाण्याच्या कुंडाकडे धाव घेतात. दुखऱ्या गुडघ्यांना ते पाणी सुखावते, ह्यात शंका नाही. पण उंचीवरून आलेल्या, पाणी कमी प्यालेल्या आणि रक्तदाबाची गोळी घेतलेल्या माणसाचा रक्तदाब गरम पाण्यात झपकन उतरतो. बाहेर पडताना चक्कर येऊन पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हे त्यामुळेच घडते. आधी जेवण, दोन पेले पाणी, तासभर आराम. मग सर्वांत कोमट कुंडात दहा मिनिटे. बाहेर येताना पायऱ्यांवर क्षणभर बसून, कठडा धरून आणि कोणाचा तरी हात हाती घेऊन यावे.